गरुडाचं झाड कुठे वाढतं? कोकणातलं रान शिकारी पक्ष्यांच्या नजरेनं कसं वाचायचं

आमच्या भागातल्या एका देवरहाटीत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, ऐनाचं एक जुनं झाड आहे. दोन माणसांनी हाताला हात लावला तरी बुंधा कवेत येत नाही. चार पुरुष उंचीपर्यंत ते सरळसोट गेलंय आणि तिथे एकाच जागेतून तीन जाड फांद्या फुटल्यात. त्या बेचक्यात सर्पगरुडाचं घरटं. देवरहाटीचा गडगा, म्हणजे दगडी बांध, ओलांडला की पलीकडेही ऐनच. पण तिथल्या प्रत्येक खुंटातून पाच-सहा फुटवे आलेले, मनगटाएवढे किंवा फार तर मांडीएवढे. पाऊस तोच, उतार तोच, झाडाची जातही तीच. अलीकडे गरुडाचा संसार आहे आणि पलीकडे साधा कावळाही घर करत नाही.

शिकारी पक्ष्यांचं रान म्हटलं की लोक झाडं किती आहेत ते विचारतात. माझ्या मते प्रश्नच चुकतो. झाड कशा बांध्याचं आहे आणि दोन झाडांमध्ये मोकळं किती आहे, हे बघायला हवं. तो बांधा घडवतात चौघं: माती, पाणी, वारा आणि कोयता. याच क्रमानं रान वाचत गेलं तर पक्षी दिसण्याआधीच तो कुठे असेल याचा बराच अंदाज येतो. खाली दिलेली रीत चिपळूण-संगमेश्वरच्या बाजूच्या रानासाठी आहे. ज्यांच्या सातबाऱ्यावर जंगल आहे त्यांना ती जास्त उपयोगी पडेल, कारण रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल अगदी थोडं, बाकी रान लोकांच्या मालकीचं.

निघण्याआधी

फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ. ऐन, किंजळ, सावर पानं गाळतात, त्यामुळे वरची घरटी उघडी पडतात, आणि बहुतेक मोठ्या शिकारी पक्ष्यांची वीण याच दिवसांत चालू असते. सोबत शिंप्याची टेप, हाताएवढी काठी, वही आणि असेल तर 8×42ची दुर्बीण. पांढरा सदरा घातलेला एक जोडीदारही हवा. सदऱ्याचं काम पुढे येईल.

पहिली पायरी: पायाखाली बघा

पक्षी बघायला आलेला माणूस पहिल्यांदा वर बघतो. तुम्ही खाली बघा. रस्त्याची कापणी, विहिरीचा काठ, पऱ्यानं (रानातल्या ओढ्यानं) पोखरलेली कड, जिथे जमिनीचा उभा काप दिसेल तिथे थांबा आणि कातळावर माती किती आहे ते हातानं मोजा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ती वीतभरही नसते. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि दिवाळीनंतर ताव्यासारखं कोरडं होतं. अशा जागी करवंद आणि खुरटलेली झुडपं, बस्स. भेगेत मूळ सापडलेलं एखादं झाड मात्र पठ्ठ्यासारखं वाढलेलं असतं. अशा एकट्या झाडाची नोंद करा, कारण पक्ष्याला टेहळणीला तेच सोयीचं.

सड्यावरून वाहून गेलेली माती उताराच्या पायथ्याशी, घळीत, पऱ्याच्या दोन्ही अंगाला साठते. तिथे खणलं तर हातभर खाली ओल लागते, तीही फेब्रुवारीत. मातीची खोली समजायला खणावंच असं नाही, झाडंच सांगतात. जांभूळ, उंबर, करंज दाटीनं दिसले की पाणी जवळ आहे. बेहडा, सातवीण, रानआंबा यांचे थोराड बुंधे दिसले की माती खोल आहे. आमच्याकडची मोठी घरटी मला बहुतेक या पट्ट्यातच सापडली आहेत, आणि त्याला झाडाच्या उंचीखेरीज दुसरंही कारण आहे. पऱ्याकाठी बेडूक, बेडकांमागे साप आणि सापांमागे सर्पगरुड. ओलीनं झाड वाढवलं आणि त्याच ओलीनं खाणंही पुरवलं.

पऱ्या कोणत्या महिन्यात आटतो ते गुराख्याला विचारून लिहून ठेवा. पूर्वी मार्चपर्यंत वाहणारा पऱ्या आता जानेवारीतच आटत असेल, तर काठच्या झाडांचे शेंडे वाळलेत का हेही बघा.

दुसरी पायरी: वारा आणि ऊन

घाटमाथ्याचं गणित वेगळं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम 32 किलोमीटरवरच्या वाईला तो हजारालाही पोचत नाही. एवढा पाऊस असलेल्या माथ्यावर झाडं गगनचुंबी असायला हवीत असं वाटतं. प्रत्यक्षात अंजनी, जांभूळ, पिसा यांचं तिथलं रान ठेंगणं असतं. चार महिने पश्चिमेचा वारा झोडपतो, माती पातळ, आणि पाऊस संपला की पाणी दरीत निघून गेलेलं. झाडं एकमेकांना धरून, शेंडे एका पातळीत ठेवून उभी राहतात.

काळा गरुड दिसतो तो याच रानावर. दुसऱ्यांची अंडी-पिल्लं हे त्याचं मुख्य खाणं. लांब पंखांची बोटं पसरून तो शेंड्यांच्या अगदी जवळून, इतक्या संथ गतीनं जातो की आता खाली पडेल असं वाटावं. एका पातळीतला शेंडेभार त्याला चाळायला सोपा. कधी कधी तो अख्खं घरटंच पंजात उचलून नेतो. स्वतःचं घरटं मात्र तो माथ्यावरच्या वाऱ्यात न बांधता खाली उतारावरच्या मोठ्या झाडावर बांधतो. म्हणजे माथा आणि दरी दोन्ही शाबूत राहिले तर त्याचं भागतं. एकच राखून उपयोग नाही.

आता ऊन. सकाळी नऊ-दहाला सड्याच्या काठावर उभे राहा. उघडा कातळ रानाआधी तापतो, त्यावरची हवा उठते आणि त्या हवेवर गरुड, गिधाडं पंख न हलवता चढतात. कोणत्या जागेवरून पक्षी रोज वर जातात याचे ठिपके आठवडाभर नकाशावर मांडा. बहुधा उघडी जागाच निघेल. म्हणून सड्यावर खड्डे मारून ऑस्ट्रेलियन बाभळी लावायचे कार्यक्रम बघितले की माझा तोल जातो. सड्याला पडीक म्हणणारा माणूस पावसाळ्यात तिथे कधी गेलेला नसतो. तिथे झाडं नाहीत ती मातीमुळे, आणि तसंच राहू द्यावं.

तिसरी पायरी: झाडाचा बांधा

इथे वेळ घालवा. एका एकराच्या तुकड्यात दोरी लावा आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, प्रत्येक झाडाचा घेर टेपनं मोजा. एवढा उरक नसेल तर एकच करा: एका माणसाच्या कवेत न मावणारी झाडं किती, ते मोजा. तोडीव रानात हा आकडा बहुधा शून्य येतो.

उंचीसाठी काठी वापरा. हात समोर ताठ धरा आणि मुठीपासून डोळ्यापर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीवर उभी ठेवा. मग मागे सरकत जा. झाडाचा बुडखा मुठीशी आणि शेंडा काठीच्या टोकाशी जुळला की थांबा. तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. उतारावर मात्र झाडाच्या वर किंवा खाली न जाता त्याच पातळीत आडवं सरका, नाहीतर हिशेब चुकतो.

आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या.

पहिली, बेचकं. दाटीत वाढलेलं झाड उजेडाच्या मागे सरळ वर जातं, खालच्या फांद्या सावलीत मरून गळतात आणि पहिलं भक्कम बेचकं उंचावर येतं. बांधावर एकटं वाढलेलं झाड पसरट होतं आणि फांद्या खालीच फुटतात. मोठ्या गरुडाला पहिल्या प्रकारचं झाड हवं. तीन-चार फांद्या मिळून वाडग्यासारखी बैठक झाली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण घरट्याची काटक्यांची रास दरवर्षी वाढत जाते आणि जूनच्या वादळात ती टिकायची तर खाली आधार हवा.

दुसरी, शेंडा शेजाऱ्यांच्या वर निघालाय का. पंख पसरून येणाऱ्या पक्ष्याला निदान एका बाजूनं मोकळी वाट लागते. पऱ्याकडे किंवा दरीकडे उघडं असलेलं झाड म्हणूनच पसंत पडतं.

तिसरी, सावली. मार्च-एप्रिलमध्ये ऐन उघडाबोडका असतो आणि पिल्लू दुपारी भाजून निघतं. म्हणून शेजारी आंबा किंवा जांभूळ अशी हिरवी राहणारी झाडं आहेत का ते बघा. पानगळीची आणि सदाहरित झाडं एकत्र असलेलं रान मला म्हणूनच नुसत्या सागवनापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आता कोयता. कोकणात ऐनाचं जे झाड शेताजवळ आहे त्याचं कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, दरवर्षी तुटतं. त्या फांद्या वाळवून दाढीवर, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर, पसरायच्या आणि पावसाआधी जाळायच्या, हाच राब. वर्षानुवर्षं कवळ तोडलेला ऐन लांबून ओळखू येतो: खांबासारखा बुंधा, त्यावर गाठीच गाठी आणि गाठीतून झाडूसारखे कोवळे फुटवे. गरुडाच्या दृष्टीनं हे झाड बाद. पण म्हणून ते तोडू नका. जिथे फांदी वारंवार तुटली तिथे पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि ढोली होते. पिंगळा तसल्या ढोलीत राहतो. कोयत्यानं एकाचं घर नेलं आणि दुसऱ्याला दिलं.

खुंटाचे फुटवे ही आणखी वेगळी बाब. ठेकेदारानं उभं रान घेतलं की सगळं सपाट होतं. ऐन आणि किंजळ चिवट, पुढच्याच पावसात फुटतात. चार वर्षांत लांबून डोंगर हिरवागार दिसतो आणि लोक म्हणतात, रान परत आलं. आत शिरलात तर कळतं की हातभर अंतरावर काठ्या उभ्या आहेत. एका खुंटावर किती फुटवे आहेत ते मोजा आणि गावातल्या वयस्क माणसाला विचारा की इथे शेवटची तोड कधी झाली, त्याआधीची कधी. दोन तोडींमधलं अंतर हे त्या रानाचं खरं वय. ते वय झाडाला बेचकं धरू देण्याइतकं नसेल, तर पाऊस कितीही पडो.

चौथी पायरी: पांढरा सदरा

जोडीदाराला रानात चालत जायला सांगा. तुम्ही उभे राहा आणि सदरा किती पावलांवर दिसेनासा होतो ते मोजा. मग तेच उकिडवं बसून करा. चार दिशांना चार वेळा. आठ आकडे मिळतील.

उभ्यानं दूरवर दिसतं आणि बसल्यावरही दिसतं, म्हणजे खाली मोकळं आहे. सर्पगरुड तासन् तास एका फांदीवर बसून जमीन न्याहाळतो. त्याला अशी मोकळीक लागते. शेंडी मिरवणारी मोरघारही झाडावर दबा धरून बसते आणि रानाच्या कडेला, वाटेवर आलेल्या कोंबडीपासून सशापर्यंत काहीही उचलते.

उभ्यानं दिसतं पण बसल्यावर दहा पावलांतच सदरा गडप होतो, म्हणजे खाली घाणेरी, रानमोडी किंवा उक्षी माजलेली आहे. अशा गचपणात उंदीर, सरडे, साप भरपूर असतात. गरुड वरून बघतो आणि त्याला पानांखेरीज काही दिसत नाही. भक्ष्य आहे, पण ताटात येत नाही. रानात खायला भरपूर असूनही पक्षी का नाही, याचं उत्तर अनेकदा या एका आकड्यात सापडतं.

दोन्ही वेळा पटकन गडप झाला तर ते फुटव्यांचं रान. तिथे मोठ्या पंखाला वाटच नाही. आखूड पंख आणि लांब शेपटी असलेले पक्षी दाटीतून वळणं घेत जाऊ शकतात, पण त्यांनाही बुंध्यांच्या मध्ये पंखभर जागा लागते. शिक्रा तर असल्या रानाची कड धरतो आणि आंब्याच्या जुन्या बागेत सरड्यांवर सुखानं राहतो. कलमांच्या नव्या ठेंगण्या बागेपेक्षा रायवळ आंब्यांची जुनी बाग त्याला कधीही बरी.

दाट म्हणजे चांगलं, हे डोक्यातून काढा

इथे थोडं सातपुड्याकडे वळतो. रानपिंगळा हा छोटा, दिवसा फिरणारा घुबडवर्गीय शिकारी. त्याचा शेवटचा खरा नमुना 1884 मध्ये खानदेशात मिळाला होता आणि नंतर तो नामशेष झाला असं धरलं गेलं. मधल्या काळातली 1914 ची एक नोंद चोरलेल्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून केलेली निघाली. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळ सापडला. नंतर मेळघाटात आणि 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही दिसला.

त्याचं रान म्हणजे पातळ मातीवरचं विरळ, कोरडं सागवान. उघडी जमीन, बसायला फांदी आणि घरट्याला जुन्या झाडातली ढोली. त्या रानात मधल्या मोकळ्या जागा भरून टाकायला दाट रोपं लावली तर माणसाला ते जंगल वाढल्यासारखं वाटेल आणि रानपिंगळ्याची शिकारीची जागा जाईल. मग तिथे काय राखायचं? वठलेली, पोकळ झाडं. सरपणाला पहिली तीच जातात, ही अडचण आहेच.

पाचवी पायरी: घरटं शोधताना

झाडाखालून सुरुवात करा. पानांवर चुन्याचे फराटे, हाडांचे तुकडे, सापाचे खवले, पिसं. वर काटक्यांची रास दिसली तर तिच्यावर ताजा हिरवा पाला आहे का बघा. गरुड घरट्यात ताजी पानं आणून ठेवतात, त्यामुळे हिरवा पाला म्हणजे घर नांदतं आहे. कोरडी रास जुनी असू शकते, पण जुनं घरटं म्हणजे टाकलेलं घरटं असं समजू नका. किनाऱ्यावरचा समुद्रगरुड सुरू किंवा आंब्यावरच्या त्याच घरट्यात वर्षानुवर्षं परत येतो.

सर्पगरुड बहुधा एकच अंडं घालतो. उबवणीचे सुमारे चाळीस दिवस आणि पिल्लू उडेपर्यंत आणखी दोन महिने. त्या सबंध हंगामाची मिळकत म्हणजे ते एक पिल्लू. तुम्ही झाडाखाली अर्धा तास बसलात आणि मादी उठून गेली तर उन्हात किंवा कावळ्यांच्या तोंडी ते जाऊ शकतं. घरट्यावरच्या पक्ष्यानं मान उंचावून तुमच्याकडे बघायला सुरुवात केली की समजा तुम्ही फार जवळ आहात. मागे फिरा. घरट्याचा फोटो ठिकाणासकट समाजमाध्यमावर टाकू नका. मी एकदा एका ओळखीच्याला विश्वासानं झाड दाखवलं, तर पुढच्या रविवारी तिथे तीन गाड्या उभ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, हेही अशा उत्साही मंडळींना ऐकवायला हरकत नाही.

सहावी पायरी: आपल्या रानात काय करायचं

रान विकायचंच नाही, असं मी कुणाला सांगत नाही. लग्न, आजारपण, घराची कौलं, पैशाची गरज खरी असते. पण ठेकेदाराशी बोलण्याआधी एकदा चुन्याचा डबा घेऊन रानात फिरा. कवेत न मावणारी झाडं, पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडं, ढोलीची झाडं आणि घरटं असलेलं झाड यांना पट्टा मारा आणि ती सौद्यातून वगळा. मोठ्या झाडाचा शेजारही राखा. चहूबाजूंनी मोकळं केलेलं उंच झाड पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उन्मळतं.

तोड आणि वीण एकाच हंगामात येते, दिवाळी ते मे. तेव्हा कोयता लागण्याआधी वर बघून घेणं आलंच. घरटं नांदतं असेल तर तेवढा तुकडा पिल्लू उडेपर्यंत थांबवा. ठेकेदार कुरकुरतो, पण सौद्याच्या कागदावर लिहून घेतलं तर ऐकतो.

तोड होऊन गेलेल्या रानात काम सोपं आहे आणि फुकटचं आहे. एका खुंटावरचे सगळे फुटवे वाढू द्यायचे नाहीत. सर्वांत सरळ, जमिनीलगत फुटलेला एक राखायचा, बाकीचे सरपणाला काढायचे. खुंटाच्या वरच्या टोकाला फुटलेला फुटवा निवडू नका, जाड झाला की वाऱ्यात तिथूनच फाटतो. राबासाठी कवळ लागतंच, तर त्यासाठी शेताजवळची ठरावीक झाडं कायम ठेवा आणि पऱ्याकाठच्या झाडांना हात लावू नका.

पाऊस संपला की गवत वाळायच्या आत हद्दीवर जाळपट्टा काढा. वणवा मोठ्या झाडाला लगेच मारत नाही, पण बुंध्याची साल भाजते आणि कोवळी रोपं जातात. मग चाळीस वर्षांनी मोठं होणारं झाड त्या रानात तयारच होत नाही. गचपण मात्र एकदम उपटू नका. टेहळणीच्या झाडाखाली, वाटेच्या कडेला, पऱ्याकाठी असं तुकड्यातुकड्यानं काढा. ससे, रानकोंबड्यांनाही लपायला काही हवं.

एवढं करूनही काही पक्षी येणार नाहीत. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला मोठ्या झाडांवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं घरटी करतात. तशीच झाडं कोकणात इतर ठिकाणीही आहेत, पण गिधाडं मेली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं. जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली. झाड राखणं आपल्या हातात आहे, मेलेल्या बैलाच्या अंगात काय गेलंय ते बघायला गावातल्या जनावरांच्या डॉक्टरशी बोलावं लागतं.

गडग्यापलीकडच्या त्या फुटव्यांच्या रानाच्या मालकानं तीन वर्षांपूर्वी पऱ्यालगतच्या वीसेक खुंटांवर एकेकच फुटवा ठेवला. परवा टेप लावली. सर्वांत जाड भरला तो 41 सेंटिमीटर घेराचा. बेचकं धरायला अजून निदान एक पिढी. पण खालचं मोकळं झालंय, पांढरा सदरा आता बसल्यावरही तीस पावलांवर दिसतो. आणि देवरहाटीतला सर्पगरुड सकाळी गडग्याच्या याच बाजूला तोंड करून बसलेला असतो.